पंचांच्या सह्या

नायगाव म्हटलं की बाहेरची माणसं सातारा जिल्ह्यातलं, सावित्रीबाईंचं नायगाव धरतात. आमचं नायगाव नांदेड-देगलूर रस्त्यावरचं. तालुका झाला १९९९ साली. तोवर सरकारी कामाला बिलोली गाठावी लागायची. मी याच तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. नवरा गवंड्याच्या हाताखाली कामाला म्हणून हैदराबादकडं गेला आणि तिकडचाच झाला. तेव्हा पोरगी अंगणवाडीत जायची आणि पोरगा अंगावर पीत होता. आता दोघंही मोठी झाली. मधल्या काळात मी कापूस वेचला, शिलाई केली, शाळेत खिचडी शिजवली. स्वतःचे कागद काढता काढता इतर बायकांचे कागद काढायला सोबत जाऊ लागले. किती पायऱ्या झिजवल्या त्याचा हिशेब मी ठेवला नाही. आमचा हिशेब गाव ठेवतं, तोही पैशापैशाचा. त्यातून जे कळलं ते आठवेल तसं लिहिते.

१. मेलेल्या नवऱ्याचा कागद मिळतो, गेलेल्याचा मिळत नाही

एकट्या बायकांची गावाच्या मनात एक उतरंड असते. सगळ्यात वर शेतकरी आत्महत्येतली विधवा. तिच्या दारात पुढारी येतात, फोटो निघतात. तिच्यातही पुन्हा ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ असे दोन भाग. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानावाल्या सावकाराचं असेल, वसुलीचा तगादा असेल, तर पात्र. मग एक लाख रुपये मिळतात. ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. उसनवारी पाव्हण्यारावळ्यांकडून केलेली असेल तर ती कागदावर कुठून दिसणार? मग अपात्र. हा शेरा फायलीत राहत नाही, गावात पसरतो. ‘सरकारनं पैसा दिला नाही म्हणजे काहीतरी असंलच की,’ असं म्हणत दारूपासून भाऊबंदकीपर्यंत सगळं त्या मेलेल्या माणसाच्या आणि मागं राहिलेल्या बाईच्या नावावर टाकलं जातं.

तिच्या खालच्या पायरीवर आजारानं, अपघातानं नवरा गेलेली. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल आणि गेलेला माणूस साठीच्या आतला कमावता असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून तिला एकरकमी २० हजार मिळतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत झाली की दाखला निघतो आणि त्या एका दाखल्यावर पुढची सगळी गाडी चालते.

मग आम्ही, टाकलेल्या. आमच्याकडं दाखवायला काही नाही. कायद्यानं सात वर्षं माणसाची कुणालाच खबर नसेल तर तो मेला असं धरता येतं. माझ्या नवऱ्याची खबर मात्र येतच राहायची. दर लग्नसराईत कुणीतरी येऊन सांगायचं, ‘निजामाबादच्या स्टँडवर दिसला होता, अंगानं भरलाय.’ म्हणजे मेला म्हणायची सोय नाही आणि घरी आहे म्हणायची तर नाहीच नाही. रेशनकार्डावर तो होता, मतदार यादीत होता, सासऱ्याच्या सातबाऱ्याच्या वारसांत होता. फक्त घरात नव्हता.

आणि सगळ्यात तळाला लग्नाआधी आई झालेली. तिला तर गावात जागाच नसते, तिला मावशीच्या गावी धाडतात. जोतिराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते १८६३ साली. तिथं आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, त्याचं नाव यशवंत ठेवलं, शिकवून डॉक्टर केला. आमच्याकडं ३ जानेवारीला शाळेत सावित्रीबाईंवर भाषणं होतात, पोरी नऊवारी नेसून येतात. अशी एखादी पोरगी त्याच गावात निघाली तर काय होतं, ते मी पाहिलेलं आहे. त्याबद्दल इथं लिहिणार नाही. ती पोरगी अजून जवळच राहते.

२. नावं ठेवणाऱ्यांच्याच सह्या लागतात

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालापासूनची. माझा अर्ज केला तेव्हा महिन्याला ६०० रुपये मिळायचे, आता १,५०० आहेत. टाकलेली म्हणून अर्ज करायचा तर तसा पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे गावातला पंचनामा.

मारुतीच्या पारावर तलाठी बसले होते, गुडघ्यावर पॅड, त्यावर कागद. भोवती पंच. त्यातल्या निम्म्या लोकांनी हॉटेलात बसून काय काय म्हटलं होतं ते माझ्या कानावर आलेलं होतं. ‘तीच नांदली नसंल.’ ‘तोंडाळ हाय.’ ‘मर्दमाणूस उगंच घर सोडतंय व्हय?’ आता त्यांनाच लिहून द्यायचं होतं की नवरा हिला सोडून गेला आहे, हिला कुणाचा आधार नाही, कमाईचं साधन नाही.

‘‘मशीन हाय की हिच्याकडं,’’ एक जण म्हणाले.

शिलाई मशीन मी आदल्या संध्याकाळीच शेजारच्या वैनीच्या घरात नेऊन ठेवली होती, वर गोधडी टाकून. ‘‘भावजयीची आहे, तात्या,’’ मी म्हणाले. पैसे खरंच भावजयीनं दिले होते. तात्या गप्प बसले. त्यांच्या घरच्या दोन झंपरांची शिलाई त्यांच्याकडं बाकी होती.

मजकूर लिहून झाला. सह्या करायच्या आधी दुसऱ्या एका पंचानं तलाठ्यांना थांबवलं. ‘‘साहेब, वर्तणूक चांगली आहे म्हणून टाका एक वळ.’’ अर्जात ते कुठं मागितलेलं नव्हतं. तलाठ्यांनी माझ्याकडं बघितलं, मग लिहिलं. त्या माणसाला वाटलं आपण उपकार केले, आणि एका परीनं केलेही. पण त्या दिवसापासून मला कळून चुकलं की या गावात माझी वर्तणूक पंचांच्या ताब्यात आहे. चांगली म्हणून लिहिणारा हात उद्या उलटंही लिहू शकतो. नंतर त्यातल्या कुणाचंही काम मी ‘आज नको’ म्हणून मागं टाकलं नाही. झंपराचे पैसेही मागितले नाहीत.

पुढं इतर बायकांसोबत गेले तेव्हा हेच पाहिलं. बाईला हक्क सरकार देतं, पण तिचा दाखला गावाच्या हातात असतो. म्हणून भांडखोर बाईचा पंचनामा लांबतो. नांदेडला राहून अर्ज करणारीला गल्लीत साक्षीदार मिळत नाहीत, पण तिला कुणाच्या शिलाईचे पैसेही सोडावे लागत नाहीत. दोन्हीतलं बरं कोणतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

३. गरीब कुठं दिसायचं आणि कुठं नाही

माझ्याकडं दोन घड्या वेगळ्या ठेवलेल्या असायच्या. एक लुगडं कार्यालयात जायचं: धुवट, पण काठ विरलेला. दुसरी साडी शाळेच्या पालकसभेची, पाव्हण्यांची, लग्नाची. साडी चुकली तर काम बिघडतं. बरी साडी नेसून अर्ज द्यायला गेलं तर बाबू चष्म्यावरून बघतो, ‘तुम्ही निराधार?’ फाटकी नेसून शाळेत गेलं तर लेकरू दारातूनच परत फिरतं, आई दिसलीच नाही असं करून.

हे सोंग आम्हाला सरकारच शिकवतं. निराधार योजनेला कुटुंबाची वर्षाची कमाई २१ हजारांच्या आत पाहिजे, म्हणजे दिवसाला ५८ रुपयांच्या आत. आमच्याकडं एवढ्यात चहापत्ती, तेल आणि पोराची वही एका दिवशी येत नाही. शाळेत पोषण आहार शिजवणारीचं मानधन आता २,५०० झालंय, तेही वर्षाचे दहाच महिने. दहा महिन्यांचे २५ हजार झाले. म्हणजे सरकारनं स्वतः दिलेल्या मानधनावर चूल पेटवणारी बाई सरकारच्या हिशेबानं निराधार राहत नाही. आणि २०२४ला लाडकी बहीण आली तर तिची हद्द अडीच लाख! एकीकडं लेकीसुनांच्या घरातली बाई अडीच लाखांपर्यंत बहीण, आणि दुसरीकडं लेकरं एकटीनं वाढवणारी २१ हजार १ रुपयाला बाद. बरं, निराधारचे १,५०० चालू असले तर लाडकीचे मिळत नाहीत.

उत्पन्नाचा दाखला काढताना म्हणून सगळे खोटं बोलतात. बाई बोलते, लिहिणारा लिहितो, सही करणाऱ्याला माहीत असतं. हे खोटं एकाच माणसाला चिकटतं. ‘खोटे दाखले काढून पैसे खातात’ हे वाक्य मी बसमध्ये, दवाखान्यात, कीर्तनाला बसलेल्या लोकांत ऐकलंय. सही करणाऱ्याबद्दल कुणी काही बोलत नाही.

दिवाळीत एकदा पोरीला पैंजण घेतले, चांदीचे बारीक. आठ दिवस गल्लीत एकच विषय, ‘हिला कुठून येऊलालंय?’ पोरगी पैंजण काढून डब्यात ठेवू लागली. मी म्हटलं, घाल. आवाज करत जा. हे शौर्य नव्हतं. बाकी काहीच आपल्या हातात नाही, तर निदान पायातलं तरी आपल्या मनानं घालावं.

४. कोयता म्हणजे जोडी

दसरा-दिवाळी झाली की कंधार, मुखेड, लोहा इकडून ट्रक, ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला जातात, आमच्याकडूनही जातात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको. नवरा तोडतो, बायको वाढं काढते, मोळी बांधते, दोघं मिळून गाडी भरतात. एकटा माणूस अर्धा कोयता. एकट्या पुरुषाला निदान दुसऱ्या एकट्याबरोबर जोडतात. एकट्या बाईला कुणाबरोबर जोडणार?

म्हणून ती भावाबरोबर जाते, पोरगा हाताशी आला तर पोराबरोबर. पोरगा हाताशी येणं म्हणजे नववी-दहावीतून शाळा सुटणं. भावाबरोबर गेली तर उचल भावाच्या नावावर आणि हिशेब भावजयीच्या तोंडात. दूरच्या दिराबरोबर गेली तर मग बोलायलाच नको. सहा महिने फडावरच्या कोपीत काय चालतं याची कथा ती परत यायच्या आधी गावात येऊन बसलेली असते.

माझा भाऊ मला घेऊन जायला तयार होता. मी गेले नाही, कारण लेकरं मागं ठेवायची कुणाकडं? हंगामी वसतिगृहाची सोय असते, काही गावांत असते, काही गावांत ती कागदावरच असते. मी राहिले आणि कापूस वेचला. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. वजनकाट्यासमोर जोडी लागत नाही. गावात राहून मिळालेला हा एकच रोजगार, जिथं मला ‘घरचा माणूस कोण?’ असं कुणी विचारलं नाही.

५. बापाच्या नावाचा रकाना

सरकारनं ठरवलंय की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकराच्या नावापुढं आधी आईचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. चांगलं झालं. लग्नाशिवाय आई झालेलीला पालक म्हणून अर्ज करताना बापाचं नाव सांगायची सक्ती नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१५ सालीच सांगितलं. हेही चांगलं. पण खेड्यातली अडचण नावापाशी थांबत नाही. ती जातीच्या दाखल्यापाशी सुरू होते.

दहावी झाली, कॉलेजचा फॉर्म आला की दाखला लागतो, आणि दाखला निघतो बापाकडच्या कागदांवर. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. आम्ही तिसऱ्यात. म्हणजे पोरीचा आजा किंवा त्याचा भाऊ १९६७ च्या आधी शाळेत गेला असला पाहिजे आणि त्याच्या निर्गम उताऱ्यावर जात लिहिलेली असली पाहिजे. मराठवाड्यात जुनं दप्तर म्हणजे वेगळीच कथा. निजामाच्या काळचं उर्दूत, नंतरचं खासरा पत्रक कुणाला वाचता येतं, कुणाला नाही. ज्याच्या घरात चार माणसं कामाला लागली आहेत तो ते हुडकून काढतो. ज्या बाईला त्या घरातून हाकललेलं आहे तिनं तिथं कोणत्या तोंडानं जायचं?

मी गेले. सासरच्या गावात बसमधून उतरले तर पहिल्यांदा पानटपरीवर बातमी लागली. सासरा तेव्हा नव्हता, दीर घरातून बाहेर आला नाही. चुलत सासरे ओट्यावर बसले होते. मी पाया पडले. त्यांनी पोरीचं शिक्षण विचारलं, मार्क विचारले. मग म्हणाले, ‘‘शाळेत माझं नाव सापडंल. मी पाचवीपर्यंत होतो.’’ दुसऱ्या दिवशी स्वतः शाळेत येऊन त्यांनी उतारा काढून दिला, वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रावर सही केली. निघताना त्यांनी एक सांगितलं, ‘‘पुतण्यानं वाईट केलं. पण मी असं म्हटलेलं घरात कुणाला सांगू नको.’’

चांगुलपणासुद्धा आमच्याशी असा चोरून करतात, हे मी तिथं शिकले. मला त्याचा राग येत नाही. त्या म्हाताऱ्याला त्याच घरात जेवायचं होतं.

मात्र सगळ्यांना असे चुलत सासरे नसतात. माझ्यासोबत आलेल्या एका बाईच्या पोराचा दाखला आजही अडलेला आहे, कारण सासरचे म्हणतात, ‘नाव सोडपत्र करून दे, मग उतारा देतो.’ शेतातल्या हिश्शाच्या बदल्यात जातीचा कागद.

६. हळदीकुंकू आणि सातबारा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. मग १७ मे ला सरकारनंही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. आमच्याकडच्या काही बायकांनी तो ठराव मोबाइलवर वाचला आणि डोळ्यांतून पाणी काढलं. तो काही साधा ठराव नव्हता.

तरी मला जे दिसतं ते सांगते. संक्रांतीच्या वाणाला विधवेला बोलवायचं की नाही, यावर आमच्या गल्लीत आता थोडीफार चर्चा होते. मला बोलवायचं की नाही हा प्रश्न त्याहून अवघड असायचा. कुंकू आहे, नवरा नाही, पण मेलेलाही नाही. कुणाला माझं काय करावं ते कळायचं नाही, मग माझ्या हातावर वाण ठेवताना बाई दुसरीकडं बघायची. याचं मला हसू येतं, आता येतं.

सातबाऱ्याचं मात्र हसू येत नाही. १९५६ च्या वारसा कायद्यानं विधवा पहिल्या वर्गाची वारस आहे. दिवस कार्य उरकलं की तलाठ्याकडं वारस फेरफाराचा अर्ज द्यायचा असतो. सासरचे म्हणतात, ‘आत्ताच काय घाई? लोक काय म्हणतील, माणूस जाऊन महिना नाही आणि ही जमिनीला लागली.’ तिथंच ती थांबते. पुढं दिराच्या पोरांची नावं लागतात आणि तिला शेजारची खोली दिली जाते, तीही उपकार म्हणून. शरद जोशींनी शेतकरी संघटनेतून लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती, घरधन्यानं हयातीतच बायकोच्या नावानं जमीन करून द्यावी म्हणून. ज्या घरांत ते झालं त्या घरांतल्या विधवा आज ताठ बोलतात. कपाळाचा ठराव गावसभा करू शकते. जमिनीचा फेरफार बाईला स्वतः मागावा लागतो आणि मागितला की ती वाईट होते. वाईट व्हावं.

७. एकट्या बापाचं थोडं

आमच्या गल्लीत एकाची बायको बाळंतपणात गेली. तीन लेकरं. महिनाभर त्याच्या घरी पाळीपाळीनं भाकरी जात होत्या, आम्हीही नेल्या. वर्ष सरायच्या आत दुसरं लग्न झालं, ‘लेकरांसाठी करावंच लागतंय’ म्हणून. त्याला कुणी काही विचारलं नाही. पण एक आहे, त्यानं लग्नाला नाही म्हटलं असतं तर त्यालाही धड जगू दिलं नसतं. हातानं भाकरी थापणाऱ्या बापाला पारावर काय म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे.

बालसंगोपन योजना अशा बापाच्या लेकरांनाही लागू आहे, हे त्याला मीच सांगितलं. एक पालक गेलेल्या लेकराला आता महिन्याला २,२५० रुपये. नांदेडला महिला बालविकासच्या कार्यालयात फाईल जाते, बालकल्याण समितीपुढं लेकराला घेऊन जावं लागतं. पैसे उशिरा येतात, कधी साचून येतात, पण येतात. ‘हे बायकांचं असतंय,’ म्हणून त्यानं अर्ज केलाच नाही.

८. पोरीचं ‘उरकून टाक’

पोराबद्दल लोक एकच बोलतात, ‘बापाचा धाक नाही.’ दोन पोरांनी मिळून कैऱ्या पाडल्या तर एकाचं ते पोरपण आणि माझ्याचं वळण. एवढंच. ते सोसता येतं.

पोरीचं तसं नाही. ती नववीत गेली आणि घरात चहाला येणाऱ्या बायका वाढल्या. ‘बाप नाही. वयात आली. उद्या काही झालं तर तुलाच बोलतील गं माय. उरकून टाक.’ स्थळंही आणली. एक जण विहिरीवाला, एकाची नरसीला पानाची टपरी. सगळ्यात वाईट म्हणजे त्या बायका माझ्या बऱ्यासाठीच बोलत होत्या. गाव मला काय म्हणेल याची त्यांना माझ्याहून जास्त भीती होती.

कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांत महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या शंभरातल्या बावीस बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली दिसतात. परभणी, बीडकडं तर याहून कितीतरी जास्त. लोक याला अडाणीपणा म्हणतात. मी आतून पाहिलंय. एकट्या बाईच्या घरात हे अडाणीपणानं होत नाही, ती स्वतःच्या वर्तणुकीचा दाखला वाचवत असते. पोरगी घरात आहे तोवर आईवर डोळे. पोरगी उजवली की आई सुटली.

मी आलेल्या प्रत्येक बाईला सांगायचे, ‘‘ग्रामसेवक भाऊसाहेबांना विचारून सांगते.’’ बालविवाह रोखायचं काम त्यांच्याकडं असतं, हे सगळ्यांना ठाऊक असल्यानं चहा लवकर संपायचा. पोरगी आता नांदेडला नर्सिंग करते. १०९८ हा नंबर तिच्या वर्गातल्या दोन मैत्रिणींना तिनंच पाठ करून दिला होता, एकीनं वापरला. त्या घरचे लोक आजही माझ्याशी बोलत नाहीत.

९. घरात पुरुष कोण?

गटाचं कर्ज देणाऱ्या खासगी कंपन्या गावात आल्या. दहा बायका, एकीनं बुडवलं तर नऊजणी भरणार. मी नियमानं हप्ता भरणारी, हे गटातल्या सगळ्यांना ठाऊक. तरी फॉर्म भरणाऱ्या पोरानं विचारलं, ‘‘मॅडम, नवऱ्याचं आधार? नाहीतर घरातल्या पुरुषाचं.’’ मी म्हटलं, पोरगा आहे, सतरा वर्षांचा. ‘‘अठराचा झाला की या.’’ पोराच्या वाढदिवसानंतर मी गेले. आदल्या दिवसापर्यंत मी त्याची पालक होते. त्या दिवशी तो माझा जामीन झाला. फॉर्मवर सही करताना त्यानं विचारलं, ‘‘आई, हे काय करूलालो मी?’’

लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीत २०२५ ला तेच झालं. नवऱ्याचं नाहीतर बापाचं आधार टाका. ज्यांचे दोघंही नाहीत त्यांनी ओरड केली, मग मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद जोडायची सोय निघाली. टाकलेलीकडं यातलं एकही नाही. पुन्हा आम्ही तिथंच, पहिल्या नंबरात लिहिलंय तिथं.

मराठवाड्यात एकल महिला संघटना झाली, कोरोनात नवरे गेलेल्या बायकांसाठी हेरंब कुलकर्णींनी साऊ एकल महिला समिती उभी केली, आणि त्याच्या कितीतरी आधी, १९८८ साली, संगमनेरला समता आंदोलनानं टाकलेल्या बायकांची परिषद भरवली होती. अशा बैठकीला मी पहिल्यांदा गेले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. तिथं कुणी कुणाला ‘का सोडला?’ असं विचारत नव्हतं. विचारत होत्या, ‘रेशनकार्ड वेगळं झालं का?’

१०. नवीन कुणी एकटी झाली तर

मी तिला सांत्वन देत बसत नाही, ते करणारे पुष्कळ असतात. पहिल्या आठवड्यातच रेशनकार्डाचं बघायचं. सासरच्या कार्डातून नाव कमी करून वेगळं कार्ड मागायचं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं घरातली मोठी बाईच कुटुंबप्रमुख असते, हे सांगायला लाजायचं नाही. नवरा गेला असेल तर मृत्यूचा दाखला एक नाही, जास्तीच्या प्रती काढून ठेवायच्या. फेरफाराचा अर्ज लेखी द्यायचा आणि पोच घ्यायची. नवरा सोडून गेला असेल तर पोलीस ठाण्यात तशी नोंद करून ठेवायची, पुढं पोटगी मागायची नसली तरी. कारण टाकलेल्या बाईचा तोच पहिला कागद. लेकरांच्या आज्याचा शाळेचा उतारा, संबंध तुटायच्या आत, गोड बोलून. स्वतःच्या नावाचं बँक खातं आणि स्वतःचा मोबाइल नंबर आधारला जोडलेला, दिराचा नाही, भावाचाही नाही. कार्यालयात जाताना एसटीचं तिकीट अर्धं लागतं, २०२३ पासून. पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. आणि मूळ कागद टेबलावर कुणाच्याही हातात ठेवून यायचे नाहीत. झेरॉक्स द्यायची, मूळ दाखवायचं, परत पिशवीत घालायचं. कुणी म्हणालं, ‘राहू द्या इथंच, उद्या या,’ तर खुर्ची घेऊन बसायचं.